फंड बदली होतो, वर्षे होत नाहीत

"तुमची सेवा आजपासून धरली जाईल." अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेल्या एका बाईला रुजू होण्याच्या दिवशी आस्थापना विभागातल्या कारकुनाने हे सांगितले. त्यात त्याची काही चूक नव्हती, नियमच तसा आहे. पण ती बाई त्या दिवशी एकोणचाळीस वर्षांची होती. त्याआधी तिने भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत मिळून ९ वर्षे ९ महिने काम केले होते आणि दर महिन्याला तिच्या पगारातून फंड कापला गेला होता. तिचा नवरा एका सार्वजनिक संस्थेत चतुर्थ श्रेणीत होता. तो वारला, म्हणून तिला ही नोकरी मिळाली.

"ताई, त्यांचं मरण हिशेबात धरलं. माझं काम नाही धरलं," ती मला म्हणाली.

या वाक्याची मला शरम वाटली. कारण ती आमच्या केंद्रात आली होती ती भांडायला नव्हे, फॉर्म भरून घ्यायला. पेन्शनचा हिस्सा काढून घेण्याचा १०-सी नावाचा फॉर्म. असे फॉर्म मी गेली कित्येक वर्षे भरून देत आले आहे. बाई येते, म्हणते पैसे अडकलेत, मुलाची फी आहे, घराचे डिपॉझिट आहे. मी फॉर्म भरते, पैसे येतात, ती पेढे घेऊन येते. आपण एका बाईला मदत केली असे समाधान मला मिळते. प्रत्यक्षात मी तिच्या म्हातारपणाची वर्षे मोडीत काढायला हातभार लावलेला असतो. हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे, मग व्यवस्थेविरुद्ध.

एका स्लिपमधली दोन खाती

आपल्यातल्या पुष्कळ कार्यकर्त्यांनाही ही गोष्ट नीट माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगते. फंडाच्या नावाने मालक बारा टक्के भरतो, ते सगळे फंडात जात नाहीत. त्यातले ८.३३ टक्के १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. उरलेले, आणि बाईच्या पगारातून कापलेले, फंडात. फंडाचे खाते म्हणजे पैसा. त्यावर व्याज मिळते आणि नोकरी बदलली की तो नव्या खात्यात नेता येतो. पेन्शनच्या खात्यात मात्र मोजली जातात ती वर्षे. दहा वर्षे भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन. दहा भरली नाहीत तर पेन्शन नाही, एकरकमी पैसे घ्या आणि जा.

ते एकरकमी पैसे किती? ढोबळमानाने दर वर्षामागे एका महिन्याचा पगार. आता वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के म्हणजे तरी किती? एका महिन्याचा पगार. म्हणजे नऊ वर्षे जे भरले ते जवळपास जसेच्या तसे परत, व्याजाचे नाव नाही. दहा वर्षे न भरलेल्या बाईने नऊ वर्षे सरकारला जवळपास बिनव्याजी कर्ज दिले, असाच याचा अर्थ होतो.

आणि दहा भरली तर? सूत्र सोपे आहे: शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार गुणिले वर्षे भागिले सत्तर. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये. पूर्ण १५,००० वर भरणा झाला असेल तर दहा वर्षांना महिना २,१४३ रुपये. पण कंत्राटदाराच्या स्लिपवर मूळ पगार कमी आणि भत्तेच जास्त दाखवलेले असतात. सगळ्यांना सरसकट दिले जाणारे भत्ते मूळ पगारातच धरले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले, तरीही. या बाईचा पगार फंडाच्या हिशेबात १०,५०० चा. दहा वर्षे धरली तर महिना १,५०० रुपये.

पाच महिने

आता तिची वर्षे पाहा. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये २ वर्षे ४ महिने. मग बाळंतपण आणि लहान मूल, तीन वर्षे घरी. मग चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर एका कंत्राटदाराकडे ३ वर्षे १ महिना. मग त्याच गेटमधून, त्याच लाइनवर, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली, पण दुसऱ्या कंत्राटदाराकडे २ वर्षे १० महिने. मग तिसऱ्याकडे दीड वर्ष. चार मालक, चार खाती, दोन वेगवेगळे यूएएन. एकीकडे माहेरचे नाव, दुसरीकडे सासरचे, तिसरीकडे आधारवर चुकून पडलेले. नाव बदलते ते बाईचेच. म्हणून "नाव जुळत नाही" हा शेरा आमच्या केंद्रात येणाऱ्या पुरुषांच्या कागदांवर क्वचित आणि बायकांच्या कागदांवर सर्रास दिसतो. लग्न झाल्यावर नाव बदलायला लावणारा समाज आणि बदललेले नाव नाकारणारा संगणक, दोघांच्या मध्ये बाईची वर्षे हरवतात.

तिसऱ्या कंत्राटदाराने शेवटचे पाच महिने पगारातून फंड कापला, भरला मात्र नाही. नोंदीत म्हणून ९ वर्षे ९ महिन्यांऐवजी ९ वर्षे ४ महिने दिसतात. पेन्शन योजनेत सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेले अपुरे वर्ष पूर्ण धरतात, त्याहून कमी असेल तर सोडून देतात. ९ वर्षे ९ महिन्यांची दहा होतात. ९ वर्षे ४ महिन्यांची नऊच राहतात. एका कंत्राटदाराने पाच महिने पैसे दाबले आणि बाईची आयुष्यभराची पेन्शन गेली!

पण योजनेची व्याख्या नीट वाचली तर ती गेलेली नाही. अंशदायी सेवा म्हणजे जिच्यासाठी वर्गणी मिळाली आहे किंवा मिळायला हवी आहे अशी प्रत्यक्ष सेवा, असे १९९५ च्या योजनेत लिहिलेले आहे. "मिळायला हवी आहे" हे शब्द आपल्यासाठी लाख मोलाचे आहेत. मालकाने बुडवले म्हणून बाईची वर्षे बुडत नाहीत. कंत्राटदार पळाला तर भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे ज्या कंपनीच्या गेटमधून ती आत जात होती तिची. हेही कायद्यात जुनेच आहे. आम्ही १०-सी फाडून टाकला आणि या पाच महिन्यांसाठी अर्ज केला. पगाराच्या स्लिपा, गेटपास, बँकेचे पासबुक, आणि लाइनवरच्या तीन मैत्रिणींचे जबाब जोडले. निकाल लागायचा आहे. पण हे भांडण मी पाच वर्षांपूर्वी इतरांसाठी का केले नाही, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

चाकण ते जर्मनी, चाकण ते पिंपरी

समजा, आम्ही जिंकलो. दहा वर्षे मान्य झाली, अठ्ठावन्नाव्या वर्षापासून दीड हजार रुपये मिळणार. तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. ही दहा वर्षे तिच्या नव्या नोकरीतल्या वर्षांना जोडता येतील का?

फंडाची रक्कम नेण्याचा विचार कायद्याने केला होता. १९५२ च्या कायद्यात कलम १७-अ होते: तो कायदा लागू नसलेल्या ठिकाणी कामगार लागला, त्याची इच्छा असली आणि तिथल्या फंडाच्या नियमांत बसत असले, तर जमा रक्कम तिकडे वर्ग करायची. मार्च २०१७ मध्ये पेन्शन नियामक प्राधिकरणाने मान्यताप्राप्त भविष्यनिर्वाह निधीतून एनपीएसमध्ये रक्कम कशी न्यायची याचे परिपत्रक काढले. म्हणजे पैशाच्या बदलीसाठी कलमे आहेत, परिपत्रके आहेत. वर्षांच्या बदलीसाठी काही नाही. खासगी कारखान्यातले वर्ष सरकारी पेन्शनच्या हिशेबात शून्य.

आणि सरकारी हिशेबात वर्षांनाच किंमत आहे. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सुरू झालेल्या एकीकृत पेन्शन योजनेत दहा वर्षांच्या सेवेला किमान दहा हजार रुपये महिना आहे आणि पंचवीस वर्षांना निम्मा पगार. कारखान्यातल्या दहा वर्षांची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार ठरली आणि त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली तरी तिथेच अडकली. ती साडेसात हजार करा म्हणून ईपीएस-९५ चे पेन्शनर बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत आंदोलने करत आले आहेत. दहा वर्षे तीच, घाम तोच, मग एकाच देशात दहापट फरक का?

वर्षे जोडणे अशक्य आहे, असे कुणी सांगितले तर त्याला चाकणचेच उदाहरण द्या. चाकणमध्ये जर्मन कंपन्या आहेत. तिथला इंजिनिअर काही वर्षे जर्मनीत कामाला गेला तर त्याची भारतातली आणि जर्मनीतली वर्गणीची वर्षे पेन्शनची पात्रता ठरवताना एकत्र धरता येतात. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. बेल्जियमशी असा करार २००९ पासून आहे. दोन देश, दोन भाषा, दोन चलने, तरी वर्षे जुळतात. आणि चाकणहून पिंपरीला, तळेगाव चौकातून शेअर रिक्षाने येणाऱ्या बाईची वर्षे जुळत नाहीत! साहेबाची वर्षे विमानाने जातात, बाईची वर्षे मोशीच्या टोलनाक्यापर्यंतही पोचत नाहीत.

देशांतर्गत उदाहरणही आहे. केंद्र सरकार आणि केंद्रीय स्वायत्त संस्था यांच्यात जाणाऱ्या-येणाऱ्यांची आधीची सेवा पेन्शनसाठी धरायची आणि आधीच्या संस्थेने आपला वाटा नव्या संस्थेला एकरकमी द्यायचा, अशी सोय १९८४ च्या आदेशाने केली होती. म्हणजे हिशेब कसा करायचा हे सरकारी लेखापालांना चांगले ठाऊक आहे. तो कुणासाठी करायचा, एवढाच प्रश्न आहे.

तुटलेली वर्षे कुणी तोडली?

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले उत्तर तिजोरीचे: खासगी नोकरीचा बोजा सरकारने का उचलावा? पण कुणी फुकट मागत नाही. तिच्या नावाने भरलेले ८.३३ टक्के, केंद्र सरकारने त्यात घातलेले १.१६ टक्के आणि इतक्या वर्षांचे व्याज, हे सगळे तिच्याबरोबर येऊ द्या. कमी पडत असेल तर त्या प्रमाणात वर्षे कमी धरा. शून्य मात्र धरू नका.

दुसरे उत्तर जास्त घातक आहे, कारण ते शहाणपणाच्या सुरात दिले जाते: बायकाच नोकरी सोडतात, त्यांची सेवा सलग नसते, पेन्शन ही सलग सेवेची असते. या वाक्यातला 'सलग' हा शब्द पुरुषाच्या आयुष्यावर बेतलेला आहे. एकाच गेटवर तीस वर्षे काम करणारा तो पुरुष सकाळी डबा घेऊन निघत होता, कारण तो डबा कुणीतरी भरत होती. तिच्या सेवेची मोजणी कुठल्याच खात्यात नाही. बाईची सेवा तुटते ती बाळंतपणाने, सासूच्या आजारपणाने, नवऱ्याच्या बदलीने आणि सहा महिने भरायच्या आत ब्रेक देणाऱ्या कंत्राटदाराने.

आणि कायदा काय करत होता? फंडाच्या १९५२ च्या योजनेत परिच्छेद ६९ पाहा. नोकरी सुटल्यावर फंड काढायला दोन महिने थांबावे लागे. त्याला एक खास सवलत होती: लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला थांबायची गरज नाही. केवढा हा कळवळा! लग्न ठरले, राजीनामा दिला, लगेच पैसे हातात, आणि ते गेले मांडवात. आपल्या पट्ट्यातल्या किती मुलींचे पहिल्या नोकरीचे फंड दागिन्यांत आणि जेवणावळींत गेले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कायद्याने बाईला सवलत दिली ती नोकरी सोडण्याची, वर्षे राखण्याची नाही.

अल्पकाळ काम करणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. एकूण सेवा सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर पेन्शनच्या हिश्शातला एक पैसाही परत मिळत नसे. २०२३-२४ या एका वर्षात या कारणाने सुमारे ७ लाख दावे नाकारले गेले, असे सरकारनेच सांगितले. जून २०२४ मध्ये नियम बदलला आणि महिन्यांचा हिशेब सुरू झाला. म्हणजे महिने मोजता येत होते. तीस वर्षे मोजायचे नव्हते, इतकेच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने नवा निर्णय घेतला: पेन्शनचा हिस्सा काढायला दोन नव्हे, छत्तीस महिने थांबायचे. कारण सांगितले की लोक पैसे काढून घेतात आणि पेन्शनला मुकतात. निदान बरोबर आहे, मीही वर तेच कबूल केले. पण दार बंद करताना आत जायचा रस्ता कुठे केला? जी बाई फंडाच्या कक्षेबाहेरच्या सार्वजनिक नोकरीत गेली, तिची नऊ वर्षे छत्तीस महिन्यांनी दहा होणार आहेत काय?

आपल्याच माणसांशी

थोडे आपल्या चळवळीशीही बोलायचे आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. आपण पाठिंबा दिला, तो बरोबरच होता. पण त्या मोर्च्यात, त्याच कार्यालयांत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बाईची पेन्शन कुणाच्या फलकावर होती? डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. पेन्शन त्यांच्या मागण्यांत होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता, तरी त्या आजही 'मानधना'वर आहेत. कायम कर्मचाऱ्याची पेन्शन हा कामगारांचा प्रश्न आणि अंगणवाडीताईची पेन्शन हा 'महिलांचा' प्रश्न, ही वाटणी कुणी केली? "आधी कायम करा, पेन्शनचं मग बघू," असे युनियनचे भाऊ सांगतात. कायम होईपर्यंत बाई पन्नाशीची होते. तिची वर्षे थांबत नाहीत, ती कुठेच न मोजता संपतात.

आणि आपण संघटनेतल्या बायका? हिंसा, हुंडा, घटस्फोट, पोटगी यांवर आपण रात्र रात्र बोललो. पेन्शन म्हणजे आपल्याला कारकुनी वाटली. पण म्हातारपणी सुनेच्या तोंडाकडे बघावे लागू नये, मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी केवळ भाकरीसाठी राहावे लागू नये, यासाठी बाईच्या स्वतःच्या नावाची दरमहा रक्कम हाच तर आधार. पोटगी मागायला कोर्टात जावे लागते. पेन्शन ही तिने स्वतः कमावलेली असते.

काय मागायचे, काय करायचे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या योजनांच्या जागी संहितेखालच्या योजना येण्याचा हा काळ आहे. याच संहितेने मुदतीच्या कामगारांसाठी ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट एका वर्षावर आणली. पाचाचे एक होऊ शकते, तर पेन्शनच्या दहाचेही काही होऊ शकते. म्हणून आत्ताच बोलायला हवे. मागण्या तीनच आहेत. पहिली, दहा वर्षांची अट काढा. जितकी वर्षे, तितकी पेन्शन. दुसरी, खासगी नोकरीतली वर्षे रकमेसह सार्वजनिक पेन्शन योजनेत आणि तिकडून इकडे नेता आली पाहिजेत. तिसरी, सार्वजनिक संस्थेच्या कामावर कंत्राटदारामार्फत घालवलेले प्रत्येक वर्ष त्या संस्थेच्याच सेवेत मोजा.

तोपर्यंत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत एवढे तरी करावे. बाई १०-सी भरायला आली की आधी तिची सगळी वर्षे कागदावर मांडा. सगळी खाती एका यूएएनखाली आणा. नाव, जन्मतारीख, नोकरी सोडल्याची तारीख तपासा. दहा भरत नसतील आणि पैशाची अगदीच नड नसेल तर पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे वर्षे नोंदीत जिवंत राहतात. स्लिपा आणि गेटपास फेकू नका. फंडाचे नॉमिनेशन पाहा. त्रास देणाऱ्या नवऱ्याला फंडाच्या रकमेपुरते 'कुटुंबा'तून वगळण्याची लेखी सूचना सभासद बाई आयुक्तांना देऊ शकते, ही तरतूद १९५२ च्या योजनेत आहे आणि ती फार थोड्या जणींना माहीत आहे. आणि कुणी सार्वजनिक नोकरीत रुजू होत असेल तर पहिल्याच दिवशी आधीची सेवा धरावी असा लेखी अर्ज द्यायला लावा. नाकारला जाईल. नाकारू दे, पण लेखी नाकारू दे. शंभर नकार एकत्र आले की ती तक्रार राहत नाही, मागणी होते.

आमच्याकडे पहिला नकार आला आहे. दोनच ओळींचा: खासगी आस्थापनेतील सेवा ग्राह्य धरता येत नाही. त्या बाईने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेटपासांच्या शेजारी ठेवला आहे. "असू दे ताई," ती म्हणाली, "निदान माझी सेवा होती असं त्यांनी लिहून तर दिलं."